डोंगरामागची सात मिनिटं

आदिलेतने माइक पुढे केला. तोक्तोसूनने तो हातात घेतला, सवयीने त्यावर दोनदा फुंकर मारली आणि परत त्याच्याच हातात ठेवला.

"दोन शब्द तरी बोला, आजोबा. लोक तुमचीच वाट बघतायत."

"लोक घोड्यांची वाट बघतायत. तू बोल."

आदिलेत हसून गाडीकडे वळला. शर्यतीचं वर्णन आता तोच करायचा. गाडीच्या पाठीवर मोठा पडदा लावला होता आणि वर आकाशात माशीसारखा गुणगुणत कॅमेरा फिरत होता. घोडे कुठेही गेले तरी पडद्यावर दिसत. अगदी डोंगरामागेसुद्धा.

तोक्तोसून पडद्याकडे पाठ करून उतारावर थोडा वर चढला आणि आपलं नमद्याचं आसन पसरून बसला. इथून सगळं जुन्यासारखं दिसत होतं. घोडे तळ्याकाठून सुटायचे, कुरणातून दौडत डावीकडे जायचे, कारा-तोर डोंगराच्या मागे दिसेनासे व्हायचे आणि सातेक मिनिटांनी उजव्या कडेने बाहेर पडायचे. ती सात मिनिटं कुणालाच काही दिसत नसे. अडतीस वर्षं ती तोक्तोसूनने एकट्याने, भोंग्यातून बोलून भरून काढली होती.

उन्हाने डोळे मिटायला लागले की त्याला सगळ्या शर्यती एकात एक मिसळून दिसत. गारपिटीच्या वर्षी सगळेच घोडे पांढरे होऊन बाहेर आले होते आणि मालकांनाही आपला कोणता ते ओळखू येईना. एका वर्षी स्वार नसलेली घोडी पहिली आली होती. ती रेषेपाशी मान खाली घालून उभी राहिली, कुणी रागावेल म्हणून वाट बघत असल्यासारखी. आणि ती सगळ्यात मोठी शर्यत, इशेनकुलची. पन्नास वर्षं झाली. लग्नकार्यात, मयतात, कुठेही गेलं तरी लोक त्याला तीच सांगायला लावत.

"सरका जरा, तोको."

बुरुलचा होती. इशेनकुलची बायको, वसंतात तो गेल्यापासून ती फारशी कुठे दिसली नव्हती. हातात कुमिसची किटली, कापडात गुंडाळलेले बोरसोक, तळलेल्या कणकेचे. तिने वाडगा भरून त्याच्यापुढे केला. घोडीच्या दुधाचा आंबूस वास दोघांच्यामध्ये दरवळला.

"पडद्यावर बघायचं सोडून इथे कुठे?" तोक्तोसूनने विचारलं.

"तुमच्याकडून ऐकायला आले. ती शर्यत. त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर एकदा तोकोकडून ऐक म्हणून."

खाली झेंडा पडला. चाळीस घोडे तळ्याकाठून सुटले. इतक्या लांबून आवाज आला नाही, नुसती धूळ उठली.

तोक्तोसूनने ओठ पुसले आणि सांगायला सुरुवात केली. त्या दिवसाचा वारा, बुलुत नावाचा तो करडा घोडा, त्याच्यावर काडीसारखा बसलेला इशेनकुल. डोंगरामागे जाताना तो पहिला होता. बाहेर पडला तेव्हा चौथा. लोक हळहळले. पण तोक्तोसूनने भोंग्यातून सांगितलं होतं की हा धूर्त माणूस, घोडा राखून ठेवलाय त्याने, बघत राहा! आणि खरंच, शेवटच्या सपाटीला बुलुतने एकेकाला मागे टाकलं आणि नाकाच्या अंतराने बाजी मारली. बुरुलचाचे वडील त्या पोराला रिकामटेकडा म्हणायचे. त्या संध्याकाळी त्यांनी त्याला आपल्या तंबूत मानाच्या जागी बसवलं. शरद ऋतूत लग्न झालं.

"आणि डोंगरामागे?" बुरुलचाने विचारलं. "तिथलं काय सांगितलं होतं तुम्ही?"

 तोक्तोसूनने वाडग्याची कड अंगठ्याने पुसली, मग परत पुसली.

"खरं सांगू? लोकांना वाटायचं, ट्रकच्या टपावरून मला दिसतंय; पण तिथलं मला काहीच दिसत नव्हतं. कधीच दिसलं नाही. मी मनानेच बोलायचो. इशेनकुल ओढा पहिला ओलांडतोय, इशेनकुल अजून पुढेच आहे, असं. सगळं रचलेलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही."

"त्यांना माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ते तिथे होते." बुरुलचा हसली. "ओढ्यात घोडा घसरला. हे पडले, मनगट मुरगळलं. पाच जण पुढे निघून गेले. हे ओढ्याकाठी दगडावर बसले, हात पाण्यात बुडवून. म्हणाले, संपलं, आता चालतच जाऊ घरी."

तोक्तोसूनने वाडगा खाली ठेवला.

"तेवढ्यात वारा फिरला आणि डोंगरावरून तुमचा आवाज आला. इशेनकुल ओढा पहिला ओलांडतोय! इशेनकुल वाऱ्यासारखा चाललाय! हे दगडावर बसून ऐकतायत. इतकी लाज वाटली म्हणाले, इतकी लाज, की एका हाताने लगाम धरून परत घोड्यावर चढले. सगळं गाव पलीकडे ऐकत होतं ना."

"कधी बोलला नाही हा!"

"धूर्त म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही, तोको? घोडा राखून ठेवला म्हणे! जन्मभर मिरवलं. मलाही शेवटच्या आठवड्यात सांगितलं."

तोक्तोसून हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला, मग डोळे पुसले. धुळीचा लोट कुरण ओलांडून डावीकडे सरकत होता.

"एक गोष्ट मात्र कळली नाही," बुरुलचा म्हणाली. "स्वार वीस होते. काहीच दिसत नव्हतं, तर तुम्ही त्यांचंच नाव का घेत राहिलात?"

तोक्तोसून चोवीस वर्षांचा होता तेव्हा. ट्रकच्या टपावर उभा. खाली गर्दीत बुरुलचा, डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघणारी. त्याने इतर नावंही घेऊन पाहिली होती. एका नावाला मात्र तिचा हात डोळ्यांवरून आपोआप खाली यायचा आणि सगळा चेहरा उघडा व्हायचा. तो चेहरा परत बघायला मिळावा म्हणून तो तेच नाव घेत राहिला, सात मिनिटं. आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं. त्यानंतर त्याचंही लग्न झालं, मुलं झाली, साइकालबरोबर चांगला संसार झाला. हे त्याने साइकाललाही सांगितलं नव्हतं.

"घोडा चांगला होता," तो म्हणाला.

बुरुलचाने बोरसोकचं कापड सोडलं, एक त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. पण खाल्ला नाही.

"तुम्ही असंच काहीतरी म्हणाल, हेही सांगून गेलेत. म्हणाले, तोकोला विचार, त्या वेळी तो कुठे बघत होता."

तोक्तोसूनने डोंगराकडे पाहिलं. कान तापले होते. या वयात आपले कान तापू शकतात याचंच त्याला नवल वाटलं.

"मेला तरी पुढेच आहे हा माणूस," तो शेवटी पुटपुटला.

"आहेच," ती म्हणाली.

 शेवटचा घोडा कारा-तोरच्या कडेला वळला आणि कुरण रिकामं झालं. धूळ हळूहळू खाली बसली. वाऱ्याची दिशा उलटी होती; खालून आदिलेतचा आवाज तुटक तुटक येत होता, शब्द कळत नव्हते.

बुरुलचा आसनावर थोडी पुढे सरकली. गुडघे जवळ घेऊन बसली.

"कोण पुढे असेल आता?"

"दिसत नाही गं. पडदा तिकडे खाली आहे."

"पडद्यावर बघायचं असतं तर एवढी चढून आले असते का?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

तोक्तोसूनने घसा खाकरला.