चारशे जणांनी पाहिलेली नोटीस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. वाचनालयात उभ्याने वर्तमानपत्र वाचता यावे म्हणून एका सुताराने मला घडवले. दोन्ही बाजूंना उतरत्या फळ्या आणि अंक घट्ट धरणारी पितळी पट्टी. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही.

शेजारच्याचे वाचून होईपर्यंत पान उलटायचे नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. शिंपीकाकांना खेळाचे पान हवे असे. पण मास्तरांसाठी थांबताना नगरपालिकेची बातमी वाचावीच लागे. मग दोघांची जुंपे.

"मास्तर, तुमचा पक्ष म्हणजे नुसता फुगा."

"आणि तुमच्याकडे साधी टाचणीही नाही."

भांडत, पण पाणीपट्टी कोणी वाढवली, हे दोघांनाही ठाऊक असे.

पुढे फोन आले. ज्याला त्याला आपल्याच पक्षाच्या बातम्या खिशात मिळू लागल्या. माझ्याकडे एकटे मास्तर येत.

एके दिवशी वाचनालयाच्या बाईंनी माझ्यावर नगरपालिकेची नोटीस लावली. वाचनालय पाडून गाडीतळ होणार होता. थांबवायचे तर पंधरा दिवसांत किमान पन्नास लेखी हरकती हव्या होत्या. सहज डोकावलेल्या शिंपीकाकांनी तिचा फोटो काढून फोनवरच्या ग्रुपवर टाकला.

"बाई, चारशे जणांनी पाहिलं. दीडशे तर संतापलेत."

"काका, अर्ज टेबलावर आहेत. तुम्ही तरी एक भरा."

"भरतो हो. वाचनालय काय पळून जातंय?"

आठव्या दिवशी ग्रुपवर कोणीतरी लिहिले, 'निर्णय रद्द झाला.' कशावरून, हे कोणी विचारले नाही. फुलांची चित्रे फिरली, एकमेकांचे अभिनंदन झाले. बाई दारोदार सांगत हिंडल्या, "काही रद्द झालेलं नाही हो." लोक त्यांनाच फोन दाखवत.

मुदतीत दोन हरकती आल्या. एक मास्तरांची, एक बाईंची.

आता मी गाडीतळावर आहे. माझ्या फळ्यांना खिळे ठोकून त्यांवर हेल्मेटे अडकवतात. परवा शिंपीकाका स्कूटर लावताना रखवालदाराला म्हणाले, "इथे आमचं वाचनालय होतं. पाडलं लेकांनी. आम्हाला कोणी कळवलंच नाही."

मित्रांनो, मी पडलो लाकूड. राजकारणातले मला काय कळणार? पण हरकत असेल, तर ती कागदावर लिहा आणि मुदतीत स्वतः नेऊन द्या. नुसते संतापून फोन खिशात टाकणाऱ्यांची नगरपालिकेत कोणी मोजदाद करत नाही.