मागच्या रांगेतलं व्हायोलिन

रचना व्हायोलिन वाजवत होती आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या हेलनबाई हात थांबवून कान देत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी मऊ शब्दांत सांगितलं, की पुढे उभ्या असलेल्या तिघांपैकी एकटी रचनाच ऐकू येत नाही. कार्यक्रमाला दोन तास उरले होते.

लीड्समधल्या त्या चर्चच्या हौशी वाद्यवृंदात रचना अठरा वर्षं मागच्या रांगेत वाजवत होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या या संगीताची रीतच तशी. पुढे एकेकट्याने वाजवणारे तीन सोलोवाले, मागे बाकीचे सगळे. सोलो सुरू झाले की मागच्यांनी गज मांडीवर ठेवून गप्प बसायचं. सगळ्यांची पाळी आली की सोलोवाल्यांनीही त्यांच्यात मिसळून वाजवायचं. परवा एका सोलोवालीचं मनगट मोडलं आणि जागा रचनाकडे चालून आली. एकदा तरी आपल्याला कुणीतरी वेगळं ऐकावं, एवढीच तिची हौस. तिने इंग्लंडमध्येच वाढलेल्या लेकीला, ऋजुताला, लांबच्या ब्रॅकनेलहून मुद्दाम बोलावून घेतलं.

पण बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात कुणाची झोप मोडू नये म्हणून जपून वावरलेली बाई ती. एकटीवर आलं की गज आपोआप हलका पडायचा. त्यात आदल्या दिवशीच्या बारा तासांच्या शिफ्टने खांदे भरून आलेले. चौथ्यांदाही तेच झालं, तेव्हा तिनेच सांगून टाकलं, की ही जागा मागच्या रांगेतल्या सूझनला द्या. हेलनबाईंनी नको म्हटलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

ऋजुताची ट्रेन लेट झाली. ती पोचली तेव्हा कार्यक्रम सुरू होत होता, त्यामुळे जागा सोडल्याचं रचनाला तिला सांगता आलं नाही.

परतताना बसमध्ये लेकीचा चेहरा उतरलेला होता. फोनवरचं रेकॉर्डिंग पुढे करून ती म्हणाली, "सॉरी आई. मला वाटला, तू नंतर पुढे येशील. म्हणून कॅमेरा पूर्ण वेळ तिथेच ठेवली. तू एकदा पण दिसत नाही."

रचनाला फार वाईट वाटलं, आणि खरं तर लेकीपेक्षा स्वतःचंच जास्त वाटलं. तिने एक इयरफोन स्वतःच्या कानात घातला, दुसरा लेकीला दिला. सगळे एकत्र वाजू लागले तशी ती म्हणाली, "ऐक. इथे आहे मी."

"कुठली, आई? सगळे सेम वाजतात."

"हो. त्यातच."

मग सोलो आले. रचना बोलायची थांबली आणि तिचा उजवा हात आपसूक मांडीवर येऊन टेकला.