रुग्णाच्याच शब्दांत

मॅडमनी संगणकाचा पडदा समोरच्या विद्यार्थिनीकडे वळवला. तिच्या अहवालातलं अख्खं एक पान पिवळं झालं होतं. नर्सिंग कॉलेजात आलेला प्रत्येक अहवाल सॉफ्टवेअर जुन्या अहवालांशी ताडून पाहायचं. हे पान सहा वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थिनीच्या पानाशी शब्दशः जुळत होतं.

नक्कल सिद्ध झाली तर वर्ष वाया जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मुलीनं रडारड केली नाही. कुणाचं पाहून लिहिलेलं नाही, मनोरुग्णालयातल्या चौदा नंबरच्या बाई जे बोलल्या तेच उतरवलं, एवढंच ती सांगत राहिली. सहा वर्षांनी कुणी तीच वाक्यं बोलतं का, मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच ऐका ना, मॅडम."

तिचं खोटं तिच्या पदरात घालावं म्हणून त्या तिच्यासोबत वॉर्डात गेल्या.

चौदा नंबरच्या बाई खाटेवर बसून चादरीची घडी घालत होत्या. मुलीच्या हातात वही दिसताच त्यांनी घडी बाजूला ठेवली आणि कुणी न विचारताच सांगू लागल्या.

"मी आता बरी आहे. भाऊ चार दिवसांत नेतो म्हणाला होता. कामात विसरला असेल. त्याचा पत्ता लिहून घ्या, एक पत्र टाका."

मग पत्ता. गल्ली, घर नंबर, समोरचं शिंप्याचं दुकान. लिहिणारीचा हात मागे पडू नये अशा बेतानं, सावकाश. मॅडमनी सोबत आणलेल्या त्या पिवळ्या पानाच्या प्रतीवर हेच होतं. एक शब्दही पुढेमागे नव्हता.

"मागे एका मुलीनंही घेतलाय लिहून," बाई म्हणाल्या. "तिच्या मॅडमना दाखवते म्हणाली होती."

बाहेर येऊन मॅडमनी सिस्टरला विचारलं. या बऱ्या होऊन सात वर्षं झाली, ती म्हणाली; न्यायला कुणी आलंच नाही.

कॉलेजात परतल्यावर त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. पत्त्यावर लाल रेघ होती. समासात त्यांचंच अक्षर: 'अनावश्यक तपशील. गाळावा.' अर्धा गुण कापलेला. त्या विद्यार्थिनीचा चेहरा काही केल्या आठवेना. शेरा लिहिल्याचंही आठवेना.

अहवाल पुन्हा लिहायचा का, मुलीनं दारातून विचारलं.

"पत्ता लिहायचा नाही, असं वर्गात सांगितलं होतं ना मी?"

"हो, मॅडम."

"मग का लिहिलास?"

"त्या म्हणाल्या, लिहून घ्या."