दोनाला पाच

मी चिपटं बोलतोय. पितळेचं, पाव शेराचं, बुडाला पोचा आलेलं. किलो-लिटर आले तसं बाजारानं मला हाकललं आणि सोलापुरातल्या सुंदरम्माच्या चुलीपाशी येऊन पडलो. ती माझ्यानंच ज्वारीच्या कण्या मोजते, माझ्यानंच पाणी. कधी शाळेत गेली नाही, पण तिचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही.

तिची लेक नागव्वा सातवीला गणितात नापास झाली. चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. फेरपरीक्षा ठरली, तेव्हा गिरणीतून आलेला बाप, धुळाप्पा, एवढंच म्हणाला, "गणित सुटलं न्हाय, तर शाळा सुटली म्हणून समज. आईसंगं सूप घिऊन बस." सुंदरम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते.

पोरगी दिवसभर त्रैराशिकाचं सूत्र घोकायची : मधलं गुणिले शेवटलं, भागिले पहिलं. नुसती पोपटपंची. कुणी कशाला गुणायचं आणि का, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तोंड आहे पण वाचा नाही, याचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले. रोज दोन चिपटी कण्यांना पाच चिपटी पाणी लागायचं. आज कण्या चार. नागव्वानं सात चिपटी पाणी ओतलं. कण्या खाली करपल्या, वर कच्च्याच राहिल्या. कण्या दोन वाढल्या म्हणून पाणीही दोनच वाढवलं, असं तिनं सांगितलं.

सुंदरम्मा रागावली नाही. "पैल्या दोनाला पाच, मग नंतरच्या दोनाला पाच नगं का? त्येनी काय तानलेलं ऱ्हायाचं?"

 नागव्वा मला उचलून रिकामंच उपडं करत मोजू लागली. दोनाला पाच. चाराला दहा. सहाला पंधरा. कालच्या पेपरात होतं, दोन चादरींना सुताच्या पाच लडी, तर सहा चादरींना किती?

"सूत्र आटवलंच न्हाय. मी नऊ लिवलं, आई. समदी गणितं तशीच केली."

मला छातीशी धरून ती रडली. माझ्या पोटात तिचं पाणी साठलं, आणि ते मापायची मला लाज वाटली.

आता घरात दोन सुपं आहेत. कण्या नागव्वाच शिजवते, एकदाही चुकत नाही.

गुरुजी, तुमच्या पाया पडतो. फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी एकदा मला पोरांच्या हातात द्या. नागव्वाला मी एक दिवस उशिरा सापडलो.