पाठमोरी सही

आर्डिसने तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यांवर सनमायका चिकटवला होता. दाणेदार, लाकडी, संगमरवरी, सगळे नमुने तिच्या हाताखालून गेले होते. पण कंदील घेऊन बर्फाखाली बीळ खणणारा बिज्जू नावाचा प्राणी काही तिने कधी सनमायक्यावर पाहिला नव्हता. त्यामुळे शेजारच्या रोलंडने आपल्या गॅरेजात ते भेंडोळं उलगडलं, तेव्हा तिला राहवेना.

"स्टिकर आहे का रे हे?"

"छे! छापलेला कागदच आत दाबून घेतलाय. हा नमुन्याचा तुकडा घे, खरवड हवं तेवढं."

आर्डिसने खिशातल्या किल्लीने खरवडलं. ओरखडासुद्धा उठला नाही. तिला हेवाच वाटला. हे आपल्या वेळी असतं तर विस्कॉन्सिनभर ओट्यांवर गाई चरल्या असत्या!

रोलंडने प्लायवूडचं पुरुषभर उंचीचं व्हिडिओ गेमचं कपाट बांधलं होतं, पूर्वी बारच्या कोपऱ्यात असायचं तसं. दोन्ही बाजूंना लावायचं बिज्जूचं चित्र त्याच्या मुलीने, ब्रिटाने, नवव्या वर्षी काढलेलं, खाली तिची सही. ती शनिवारी येणार होती, चार वर्षांनी. बापलेकीचं फोनवरचं बोलणं हवामानाच्या पुढे सरकत नसे. आर्डिसला हे माहीत होतं, कारण त्या गल्लीतलं आर्डिसला माहीत नसेल असं काही नव्हतंच.

"हे बघून दोन शब्द बोलली माझ्याशी, तरी भरून पावलो," रोलंड म्हणाला.

मग दोघं कामाला लागली. गोंद प्लायवूडलाही फासला आणि सनमायक्याच्या पाठीलाही. हाताला चिकटेनासा झाल्यावर मध्ये काठ्या ठेवून वर सनमायका टेकवला. हा गोंद भलताच हट्टी, एकदा टेकलं की केसभरही सरकवता येत नाही. आर्डिसने मधली काठी आधी ओढली, मग कडेच्या, वरून लाटणं फिरवलं. दोन्ही बाजू झकास बसल्या. मग तिने वरची, अक्षरं झाकणारी दुधी फिल्म सोलली आणि दुसऱ्या बाजूपाशी थबकली.

"रोलंड, ही सही वाच बरं."

बी आणि आर पाठमोरे उभे होते. अख्खं नाव उलटं.

"बिज्जूचं तोंड दोन्हीकडून खेळणाऱ्याकडे हवं होतं," रोलंड पुटपुटला. "म्हणून ह्या बाजूसाठी अख्खं चित्रच उलटवून छापायला पाठवलं. नाव राहिलंच की गं ध्यानात."

"शहाणाच आहेस! बघत काय बसलास, ढकल ती बाजू भिंतीला."

ढकलली. पण ब्रिटा शनिवारी आली, चांगल्या बाजूसमोर हसली आणि दुसरी बाजू बघायला सरळ भिंतीच्या फटीत शिरली. कॉफीचं निमित्त करून आलेली आर्डिस श्वास रोखून उभी राहिली.

"बाबा," आतून ती म्हणाली, "मी नाव असंच लिहायचे."

"काय?"

"उलटं. तुम्ही खोडायला लावायचात. रोज जेवणाआधी, परत परत. ह्या चित्रावर तर तीनदा." ती बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला आठवलं ना? म्हणून मुद्दाम केलंत?"

हो म्हण, गाढवा, आर्डिस मनात ओरडली. एका शब्दाचं काम होतं.

रोलंडला काहीच आठवत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही गं," तो म्हणाला. "छापताना चुकलं." मग म्हणाला, "आणि तेव्हाही चुकलंच माझं."

ब्रिटाने बाह्या वर सारल्या आणि कपाटाला हात घातला.

"धरा तिकडून," ती म्हणाली. "ही बाजू बाहेर घेऊ."