सौनातला होकार

एल्विराने सौनाच्या चुलीत बर्चचे आणखी दोन ओंडके सारले आणि वरच्या दगडांवर पाणी शिंपडून पाहिले. दगड चुरचुरले. शनिवारी आळीतले शेजारी सांडस्ट्रमांच्या या सौनात यायचे, वाफेत बसून घाम काढायचे, कॉफी पिऊन घरी जायचे. ईस्टरपासून मात्र कोणी फिरकले नव्हते. भांडण म्हणाल तर कसलेच नाही. फाटकावरच्या पाटीवर अजून ‘सांडस्ट्रम’ होते, एवढेच.

हे आडनाव तिच्या नवऱ्याच्या, वर्नरच्या, आजोबांना पलटणीतल्या स्वीडिश साहेबाने चिकटवले होते. घरात स्वीडिशचा गंधही कुणाला नव्हता. पण भाषा मंडळाने ठरवले होते, की उद्याच्या रविवारी सगळ्या गावाने परकी आडनावे टाकून फिनिश घ्यायची. मंडळाचे अध्यक्ष ओन्नी मास्तर कधी आवाज चढवत नसत. ते माणसाला सौनात गाठत. सौनात चर्चमध्ये वागावे तसे वागायचे, तिथे वाद घालायचा नाही, हे गावातले शेंबडे पोरही जाणते.

आज मास्तर बायकोला, लेम्पीला, घेऊन आले. फाटकाशी त्यांनी एक हातगाडी लावली. गाडीत गोणपाटाखाली काहीतरी लांबट होते. मास्तर आणि वर्नर आधी सौनात गेले आणि बायका स्वयंपाकघरात बसल्या.

“नव्या बुटांसारखं असतं गं,” लेम्पी म्हणाली. “चार दिवस चावतात, मग पायाला सरावतात. आम्ही नाही का झालो स्टेनबर्गचे किविसालो? काय बिघडलं?”

“माझं काय, उद्या मला बेडूक म्हणा,” एल्विरा म्हणाली. “पण केर्तू? पाच वर्षांची पोर, घटसर्पानं गेली. थडग्यावरच्या क्रूसावर तिचं नाव केर्तू सांडस्ट्रम आहे. आम्ही दुसऱ्याच नावाचे झालो, तर ती तिथे कुणाची?”

लेम्पीने साखरेचा खडा दातांत धरला आणि बशीतली कॉफी ओढत राहिली.

“त्याचा विचार झालाय,” ती म्हणाली. तिने वर पाहिले नाही.



पुरुष लालबुंद होऊन आले. वर्नर मान पुशीत राहिला. मान कोरडी झाली तरी पुसतच होता.

“ठरलं बरं का,” मास्तर हसून म्हणाले. “हिएताला. काय छान नाव आहे!”

“हे हो म्हणाले?”

“नाही म्हणाले नाहीत.”

“आणि केर्तूचं?”

“ते कधीच झालं, एल्विराबाई. ईस्टरला आमच्या सौनात वर्नरला विचारलं होतं. गप्प होता. कालच दगड बसवला. केर्तू हिएताला, सोनेरी अक्षरांत! मंडळाकडून भेट. एक पै घ्यायची नाही आम्हाला.”

एल्विराने नवऱ्याकडे पाहिले. वर्नर कामाला होता त्या लाकडाच्या गिरणीतला मुकादम मंडळात होता, हे तिला ठाऊक होते. वर्नरची भीती तिला समजत होती, आणि तरीही त्या क्षणी तिला त्याचा तिरस्कार वाटला.

“क्रूस कुठाय?”

“गाडीत. खालून कुजला होता, पण जाळायला मन होईना,” मास्तर म्हणाले. ते मनापासूनच बोलत होते, आणि तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

ती बाहेर गेली. गोणपाट बाजूला केले. पांढरा क्रूस पोरीएवढाच होता. तिने तो छातीशी धरून आणला.

“चल लेम्पी. आता बायकांची पाळी.”

“अगं, हे घेऊन?”

“चल.”

सौनात वरच्या फळीवर दोघी बसल्या. मधे भिंतीला टेकवून एल्विराने क्रूस उभा केला. त्याच्या रंगावर वाफेचे थेंब धरले. लेम्पी दाराकडे सरकली, पण उठली नाही. दगडांवर पाणी ओतल्याबरोबर उठून जाणे म्हणजे घरच्या माणसांचा अपमान.

“लेम्पी,” एल्विरा हळू म्हणाली. ती आवाज चढवायची जागा नव्हती. “उद्या प्रार्थनेच्या आधी आपण दोघी स्मशानात जाऊ. तुमचा दगड काढू. हा परत रोवू. तू माझ्याबरोबर हात लावशील. सगळ्यांसमोर. बरोबर ना?”

लेम्पीचे ओठ हलले. तिने क्रूसाकडे पाहिले, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. ती काहीच बोलली नाही.

एल्विराने थोडा वेळ वाट पाहिली. मग पळी भरून पाणी दगडांवर ओतले.

“ठरलं तर,” ती म्हणाली.

वाफ चढत गेली. बाहेर फाटकाशी कोणीतरी हातोडीने पाटीचे खिळे उपटू लागले होते. वर्नरचा हात ती आवाजावरून ओळखत होती.