शेठचं पथ्य

शेठ सोफ्यावर बसून डाव्या कानामागे खाजवत होता आणि भाची चष्मा कपाळावर सरकवून नव्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचत होती. शेठ म्हणजे कुत्रा. पोट पुढे काढून, पाय ऐसपैस पसरून बसायची त्याची ढब अशी, की आत्ता गिऱ्हाईक येईल आणि हा त्याला ‘बसा’ म्हणेल. नाव मावशीनं ठेवलेलं, कुत्राही मावशीचाच. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरपदावरून निवृत्त होऊन ती भाचीकडे राहायला आली, तेव्हा दोन ट्रंका, देवाची एक तसबीर आणि हे पिल्लू एवढाच तिचा संसार होता.

“हे बघ मावशी, यात धान्याचा कण नाही. शुद्ध सामन मासा. पिशवीवर लांडगा आहे बघ,” भाची म्हणाली.

“लांडग्याला खाज सुटत नाही का गं?” मावशीनं हळूच विचारलं.

“मावशी, प्लीज!”

मावशीचा आवाज मुळातच मऊ. वसतिगृहातल्या मुली दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याला भीत नसत, पण ह्या आवाजाला भीत. इथे भाचीच्या घरी त्याला फारसं कुणी भीत नव्हतं.

ही कितवी पिशवी, हे मोजणं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आधी मेंढी झाली, मग बदक, मग हरीण. दुकानातला पोरगेलासा विक्रेता छातीवर ‘आहार सल्लागार’ असा बिल्ला लावून बसे. मागच्या वर्षी तो त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकायचा. “काकू, तुमच्याकडच्याचं पोट सेन्सिटिव्ह आहे,” असं तो इतक्या अदबीनं सांगे, की घरात कुणी थोर माणूस जन्माला आल्यासारखं वाटावं. भाचीला ते मनापासून पटलं होतं. तिच्या फोनवरच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपमध्ये एकाला गहू चालत नसे, दुसऱ्याला अंडं, तिसऱ्याला तर नळाचं पाणीही. जे मिळेल ते खाऊन गुमान झोपणाऱ्या कुत्र्याला तिथे कुणी विचारत नव्हतं. शेठच्या जुलाबांबद्दल भाची तिथे अशा सुरात लिही, ज्या सुरात इतर बायका पोराचा नंबर सांगतात.

मावशीला मात्र रोज सकाळी त्याच्या पोटाखालची लाल, सोललेली कातडी दिसायची. तिनं गोड सोडलं होतं. शेठची खाज थांबेपर्यंत साखर तोंडात घालायची नाही, असा तिचा नेम. तिचे नेम अनेक होते, आणि एकही कधी मोडला नव्हता.

लांडग्याच्या पिशवीतले दाणे शेठनं आवडीनं खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या, सायीच्या रंगाच्या सोफ्यावर ओकून टाकले.

जावई, म्हणजे भाचीचा नवरा, ऑफिसातून आला आणि त्यानं डागापासून लांबची खुर्ची ओढली.

“मावशी, तुम्हाला वाईट वाटेल, पण मी स्पष्टच बोलतो. माझ्या मित्राचं गोदाम आहे. त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. तिथे हा मोकळा राहील.”

“मोकळा म्हणजे साखळीला?”

“साखळी लांब आहे, मावशी.”

 दुसऱ्या दिवशी मावशीनं शेठला पट्टा बांधला आणि बिल्लेवाल्याच्या दुकानावरून, तिकडे न बघता, थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, आडव्या बांध्याच्या, आणि बोलायला त्याहून आडव्या. त्यांनी शेठचे कान उलटून बघितले, पोट दाबलं, आणि मग मावशीनं सोबत आणलेली लांडग्याची पिशवी फिरवून मागची बाजू वाचली.

“पुढे मासा लिहिलाय. मागे चौथ्या ओळीत कोंबडीची चरबी, आणि खाली दुधाची पावडर. लांडगा दूध कुठून आणतो?”

“तेच मी म्हणत होते.”

“आता ऐका. धान्यावरून भांडू नका. बहुतेकांना मांस नाहीतर दूध बाधतं. नक्की काय, ते शोधायचा एकच मार्ग. आठ आठवडे एकच खाणं.” त्यांनी कपाटातून एक राखाडी पिशवी काढली. तिच्यावर कुठलाच प्राणी नव्हता. “यातल्या मांसाचे इतके बारीक तुकडे केलेत, की हे कोंबडीचं की कुणाचं, हे त्याच्या शरीराला ओळखताच येत नाही. हे आणि पाणी. तिसरं काही नाही. एक घाससुद्धा नाही. घास पडला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.”

मावशीचा चेहरा उजळला. हे तिला समजत होतं. मेंढी, बदक, हरीण यांत तिची मती गुंग झाली होती. पण हे तर सरळ व्रत होतं. व्रत कसं पाळायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरी येऊन तिनं दोघांना समोर बसवलं. भाचीनं आणाभाका घेतल्या. जावई म्हणाला, “मी तर त्याला हातसुद्धा लावत नाही. पण आठ आठवडे म्हणजे आठच हं, मावशी. त्यानंतरच्या रविवारी मित्र येईल.”

मग सगळं कसं पथ्यानं सुरू झालं. राखाडी दाणे मापून वाटीत. वाटी रोज उकळत्या पाण्यानं धुतलेली. मावशी सकाळ-संध्याकाळ जेवायला बसली, की ताटातल्या पावाला बटर लावून, हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करायची. ती तशी आयुष्यभर करत आली होती. पण आता प्रार्थना लांबली होती, कारण शेवटी शेठचं एक कलम वाढलं होतं. ‘या मुक्या जिवाला बरं कर. त्याच्या पोटात जे जाऊ नये ते जाऊ देऊ नकोस.’ शेठ तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, आणि प्रार्थना चालू असताना कूं नाही की चूं नाही. मावशीला त्याचं फार कौतुक वाटे. घरातल्या दोन माणसांना जे जमलं नाही, ते याला जमलं, असं ती मनात म्हणे.

आठवडे सरत गेले. शेठ खाजवतच राहिला.

भाची म्हणाली, “मी सांगत होते, लांडगाच बरा होता.” जावयानं कॅलेंडरकडे बघितलं.

आठव्या आठवड्यात मावशी पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात.

“कुणीतरी चारतंय,” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडे कुणी देत नाही.”

“मावशी, इतकी वर्षं मी हेच करतेय. एकाही घरात कुणी देत नाही. कुत्रे मात्र खात असतात.” मग त्या थोड्या मऊ झाल्या. “लहान मुलांचे मेणाचे रंगीत खडू मिळतात ना? विषारी नसलेले बघून घ्या. किसून ज्याच्या-त्याच्या खाण्यात एकेक रंग चिमूट-चिमूट घाला. मेण पचत नाही. सकाळी गवतावर आपोआप कळतं, कुणाचा हात कुठे गेला ते.”

मावशीनं परत येताना खडूंची डबी घेतली. रेक्टर असताना तिनं सायीच्या चोऱ्या पकडल्या होत्या, भिंतीवरून उतरणाऱ्या मुली पकडल्या होत्या. पण ही युक्ती तिला कधी सुचली नव्हती, याचं तिला जरा वाईटच वाटलं.

दुपारी घरात कुणी नसताना ती कामाला लागली. भाचीच्या कपाटात कोंबडीच्या मऊ तुकड्यांची एक बरणी सापडली, ‘बक्षीस’ असं लिहिलेली. व्रत चालू असताना ही बरणी अर्धी रिकामी कशी, हे मावशीनं विचारलं नाही. तुकड्यांत लाल मेण दाबून बसवलं. जावई मॅच बघताना टोस्टवर हिरवा पाला चिरून घातलेलं चीज लावून खायचा. त्यात आधीच हिरवे ठिपके होते, त्यामुळे आणखी थोडे हिरवे कुणाच्या लक्षात येणार नव्हते. चिमूटभर मेणानं जावयाचं काही बिघडणार नव्हतं, आणि थोडंसं बिघडलं असतं तरी मावशीनं ते देवावर सोडलं होतं.

डबीत पिवळा खडू उरला. उद्या कुणी म्हणायला नको, की मावशीनं स्वतःला सोडलं. तिनं पिवळा किसला आणि स्वतःच्या बटरच्या ताटलीत मिसळून टाकला. जिभेचे लाड करायचे नाहीत हा तिचा आणखी एक नेम, त्यामुळे चवीचा प्रश्न नव्हता. हल्ली पाव तसाही कोरडाच लागे. बटर लावलंय की नाही तेही कळत नसे. व्रताच्या दिवसांत हे असंच हवं, असं तिला वाटे.

शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या मागच्या गवतात शेठ फेऱ्या मारून एका जागी बसला. मावशी पिशवी हाताला गुंडाळून वाकली.

हिरवं होतं. भरपूर होतं. मावशीच्या ओठांवर वसतिगृहातलं ते जुनं हसू आलं.

लालही होतं.

आणि पिवळं. लालपेक्षा जास्त, हिरव्यापेक्षाही जास्त. सकाळच्या उन्हात दागिन्यासारखं चमकणारं.

मावशी तशीच वाकून उभी राहिली. पहिला विचार आला तो असा, की माझ्या बटरला भाचीनं हात लावला. म्हणजे आपलंही चारते आणि माझंही! एवढी पापी पोरगी बहिणीच्या पोटी निघाली कशी, हेही मनात येऊन गेलं. मग तिनं शेठचा पट्टा ओढला आणि घरी आली.

न्याहारीला ती नेहमीच्या खुर्चीत बसली. पावाला बटर लावलं. हात जोडले. डोळे मिटले. आणि ‘या मुक्या जिवाला’ इथपर्यंत आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं प्रार्थनेच्या मध्ये एक डोळा किलकिला केला.

शेठ शेजारच्या खुर्चीत उभा होता. दोन पाय टेबलाच्या कडेला. त्यानं मान पुढे केली, एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या वेटरच्या सफाईनं पावावरून एकदाच जीभ फिरवली, पाव जागचा न हलवता बटर तेवढं उचललं, आणि परत बसून समोरच्या तसबिरीकडे बघू लागला. भक्तिभावानं.

म्हणजे इतके आठवडे देवाकडे गाऱ्हाणं चालू होतं, आणि ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, तो तेवढा वेळ पथ्य मोडत होता. देवाला हे सगळं दिसतच असणार. त्यानं थोडेच डोळे मिटले होते.  आणि इतके आठवडे आपण कुणाचं उष्टं खात होतो, हे समजल्यावर मावशीनं पाव हलकेच बाजूला सारला.

रविवारी मित्र संध्याकाळी येणार होता. दुपारीच मावशीनं दोघांना हाक मारली. आवाज नेहमीसारखाच मऊ. पण भाची लगेच येऊन बसली.

“गवतावर तीन रंग निघाले,” मावशी म्हणाली, आणि खडूंची हकीकत सांगितली. “पिवळा माझा. मी डोळे मिटले, की तो माझ्या पावावरचं बटर चाटत होता. माझं चुकलं. हिरवा तुमचा, जावईबापू.”

“काय? माझ्या चीजमध्ये मेण घातलंत?” जावई उठलाच. “मी खाल्लं ते!”

“तुम्ही खाल्लंत हे तुम्ही सांगताय. त्यानं खाल्लं हे गवतानं सांगितलं.”

भाची फिदीफिदी हसायला लागली. “हात लावत नाही म्हणे! मॅच बघताना सोफ्याच्या हाताखालून चाललेलं असायचं तर!”

“अगं, बघत बसतो तो माझ्याकडे! घशाखाली घास उतरत नाही!”

“आणि लाल?” मावशीनं विचारलं.

भाचीचं हसू थांबलं. “ते… ते बक्षीस होतं, मावशी. पथ्य नीट पाळतोय म्हणून देत होते.”

शेठ कानामागे खाजवू लागला.

“असो,” मावशी म्हणाली. “मित्र आले, की मी त्यांना सगळं नीट सांगेन. कुत्रा कसा आहे, आजार काय आहे, पथ्य कुणी कुणी मोडलं. रंगांसकट. त्यांनाही माहीत असलेलं बरं, नाही का? तुमच्याच ऑफिसात असतात ना त्यांच्या मिसेस?”

जावयानं तिच्याकडे बघितलं. मावशी पदर सारखा करत होती. तिच्या चेहऱ्यावर कुणाबद्दल काही वाईट असल्याचं कुठे दिसत नव्हतं.

तो बाल्कनीत गेला. काचेतून ऐकू आलं, “अरे, नको येऊस आज… हो, ट्रीटमेंट चालू आहे… नाही रे, घरचाच झालाय आता.”

घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लागलं. बरणी गेली, चीज गेलं, मॅचला जावई फुटाणे खाऊ लागला, तेही मूठ घट्ट मिटून. दुसऱ्यांदा आठ आठवडे भरले, तेव्हा शेठच्या पोटावर मऊ लव आली होती आणि तो रात्रभर न खाजवता घोरत होता. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ पुन्हा देऊन बघितला. कोंबडी चालली. दिवसागणिक एक चमचा दूध दिलं, आणि दुसऱ्याच संध्याकाळी कान पुन्हा लाल. दूधच ते. म्हणजे हिरवा आणि पिवळा. लाल निर्दोष सुटला, आणि हे भाची अजून सांगत असते.

ग्रुपवर तिनं लिहिलं, की लांडग्याच्या पिशवीनं चमत्कार झाला. ती पिशवी खरं तर केव्हाच वॉचमनच्या कुत्र्याला दिली होती. त्याला ती पचली. त्याला सगळंच पचतं. पण तो ग्रुपमध्ये नाही.

मावशीनं चहात पुन्हा साखर घालायला सुरुवात केली. प्रार्थना ती आता डोळे उघडे ठेवून करते. तेवढा वेळ पावावर वाटी उपडी असते, वाटीवर तिचा हात असतो, आणि शेठ शेजारच्या खुर्चीत बसून कूं की चूं न करता वाट बघत असतो, की जुन्या सवयीनं हिचे डोळे कधी मिटतात.